क्यू आणि टी असलेले नऊ शब्द

आबा,

टिक्. जरा थांबून पुन्हा टिक्. मग एका दमात चार-पाच टिक्, आणि ओळ भरली की अंगठ्यानं ती दाबून बसवतानाची बारीकशी करकर. छपाईच्या अक्षराचा शिशाचा खिळा तुमच्या हातातल्या स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या त्या पट्टीत, पडतानाचा तो आवाज परवा दुपारी मला फोनवर ऐकू आला. फोनवर तो नव्हताच, हे मलाही कळतं. पलीकडे नंदुरबारला तुमचा पणतू मोबाइलवर शब्दांचा कसलासा खेळ खेळत होता, एवढंच. "आजोबा, एक मदत करा ना," म्हणाला. "इंग्रजी शब्द पाहिजेत. क्यू आणि टी दोन्ही असले पाहिजेत, कुठं पण चालतील. मला दोनच सापडले." मी डोळे मिटले आणि कुठून कोण जाणे, तो आवाज सुरू झाला. टिक्, टिक्. आणि मी बोलत गेलो. क्वालिटी, क्वांटिटी, कोटेशन, क्वार्टर, रिक्वेस्ट, बँक्वेट, बुटिक, अँटिक, क्विल्ट. पोरगं चाटच पडलं. "तुम्ही तर मराठीचे सर होते ना? अजून सांगा!" पण माझ्याकडे अजून नव्हते. मी तिथंच थांबलो.

त्याचा फोन स्पीकरवर होता. मागं भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग तुमच्या नातीनं फोन हातात घेतला. ती आता बेचाळीसची झाली आहे आबा, चष्मा लागलाय, पण बोलताना अजून तशीच आधी श्वास घेते. म्हणाली, "पप्पा, नऊ झाले. नवावर का थांबलात?" मी म्हटलं, आठवत नाहीत. ती म्हणाली, "त्या दिवशी फळ्यावर नऊ ओळी होत्या. मी मोजल्या होत्या." मग तिनं विचारलं, "पप्पा, आजोबांनी लिहिलेलं तुम्हाला वाचता येत होतं का?"

मी म्हणालो, "हॅलो? हॅलो? काही ऐकू येत नाही गं," आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून मी या टेबलाशी बसून आहे. तुमच्या सुनेला जाऊन चार वर्षं झाली, घरात विचारणारं कुणी नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला वेगळं काही सांगायचं नाही. तुम्हाला त्याच दिवशी सगळं माहीत होतं.

मी दहा-अकरा वर्षांचा आहे. शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीत येतो. प्रेसमध्ये शिरलं की शाईचा, घासलेटचा आणि ओल्या कागदाचा मिळून एक वास. ट्रेडल मशीन पाय आपटतंय. तुम्ही घोडीसमोर, त्या उंच लाकडी स्टँडसमोर उभे, त्यावर तिरप्या लाकडी केसा, आणि केसेत छोटी छोटी घरं, एकेका अक्षराचं एकेक घर. डाव्या हातात स्टिक, उजवा हात घरोघर फिरतोय, आणि तुम्ही बघत पण नाही तिकडं. गावातून चौथी शिकून आलेला माणूस शेठच्या प्रेसमध्ये गुजराती जुळवायचा, हिंदी जुळवायचा आणि इंग्रजीही जुळवायचा. इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही. समोर मजकुराचा कागद, त्यातलं एकेक अक्षर डोळ्यानं उचलायचं आणि तसा खिळा घरातून काढायचा. स्टिकमध्ये ते खिळे डोकं खाली पाय वर असे उभे राहायचे. तुमचं सगळं इंग्रजी असं उलटं होतं, तळ्यात पडलेल्या झाडांसारखं.

आणि तरी तुम्हाला शब्द माहीत होते. कसे, ते मला फार उशिरा कळलं. शेठची केस जुनी होती. काही अक्षरं भरपूर आणि काही अगदीच कमी. क्यू मोजकेच. त्यामुळं कुठला शब्द आला की क्यू संपतो, हे तुमच्या बोटांना पाठ झालं होतं. साडीवाल्यांची बिलबुकं आली की क्वालिटी आणि क्वांटिटीचे रकाने, तिथंच निम्मे क्यू जायचे. कोटेशनचे फॉर्म आले की उरलेले. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकांमध्ये रिक्वेस्ट आणि बँक्वेट हमखास. जुन्या जरीच्या दुकानाच्या कार्डावर अँटिक. क्यू पुरेनासे झाले की तुम्ही बीचा खिळा उलटा फिरवून खोचायचा, आणि गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. बाकीच्या जगानं शब्द कानानं ऐकून लक्षात ठेवले. तुम्ही ते टंचाईनं लक्षात ठेवले. बुटिक ऐकताना कुणाला क्यू ऐकू येतो? तुम्हाला तर तो कमी पडलेला आठवायचा.

जेवताना तुम्ही भरलेली स्टिक माझ्यापुढं धरायचा. "वाच भाऊ, मी आयकस." मी पाचवीत इंग्रजी शिकायला लागलो होतो. आधी मान वाकडी करून, मग मान सरळ ठेवून, उलटी अक्षरं वाचायला शिकलो. सरळ वाचण्याइतकंच मला ते सोपं झालं. मी वाचायचो आणि तुम्ही भाकरी हातात तशीच धरून ऐकत राहायचा, जणू तुम्हीच जुळवलेली ओळ पहिल्यांदाच कुणी तुम्हाला सांगतंय. तुमच्या तोंडावर तेव्हा जे यायचं त्याला नाव मला अजून सापडलेलं नाही. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, कितीतरी भावना फळ्यावर लिहून दिल्या, ही त्यात नव्हती.

एकदा माझ्या धक्क्यानं थोडे खिळे खाली सांडले. तुम्ही रागावला नाहीत. मी घाईघाईनं गोळा करून दिसेल त्या घरात टाकले, तेव्हा मात्र तुम्ही माझं मनगट धरलंत. घट्ट. "खिळा जमीनवर पडना ते पडू दे. पन दुसराना घरमा टाकू नको. उद्या त्या घरमा कोनी हात घालई, त्याले काय माहीत?" एवढंच रागावणं मला तुमचं आठवतं. आणि देणं म्हणाल तर तेही एकच. सातवीत मी एक कविता लिहिली, तापीवर. सर म्हणाले, बरी आहे. तुम्ही ती मागून घेतलीत. आठ दिवसांनी लग्नपत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कार्डांवर ती कविता छापून घेऊन आलात, कडेला वेलबुट्टी आणि खाली माझं नाव. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा गणपती होता. त्यातलं एक कार्ड अजून माझ्या कवितांच्या वहीत आहे. शाई एवढी काळीभोर की आजही बोटाला लागेल असं वाटतं.

मग प्लेगचं साल. नवागाम, गोडादरा, यंत्रमागांवर पोटाला आलेल्या आपल्या माणसांच्या साऱ्या वस्त्या गाठोडी बांधून भुसावळच्या गाडीला लटकल्या, आपणही गेलो. परत आलो तेव्हा लूमचे खटके पुन्हा सुरू झाले होते, पण शेठच्या प्रेसमध्ये तुमच्या घोडीच्या जागी टेबल होतं, त्यावर कंप्युटर, आणि त्याला थंड ठेवायला पंखा. शेठ वाईट माणूस नव्हता. चहा मागवला. म्हणाला, "काका, हवे आ बधुं जूनुं थई गयुं." सगळंच जुनं झालं म्हणे, आणि खिळे आधीच पोत्यात भरून वितळवायला गेले होते. तुम्ही भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या केसेकडं बघत उभे राहिलात. मी सोबत होतो. तुम्ही घरांवरून हात फिरवलात, एकदाच, आणि बोट बघितलंत. धूळ होती.

त्यानंतरचे तुम्ही म्हणजे ओट्यावर बसलेले तुम्ही. आपल्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, यंत्रमागांची शेड, दिवसभर त्याचा खडखडाट. तुम्ही त्यात काय ऐकत होतात कोण जाणे. पोर तेव्हा पाचवीत, इंग्रजी शाळेत. मराठी शाळेत शिकवणाऱ्या मी माझी मुलगी इंग्रजी शाळेत घातली होती, यावर तुम्ही कधी बोलला नाहीत. तिला शब्दांच्या खेळाचा गृहपाठ असायचा. अमुक अक्षर पोटात असलेले दहा शब्द आणा, तमुक दोन अक्षरं असलेले पाच आणा. ती माझ्याकडं यायची, मी डिक्शनरी चाळायचो, आणि डिक्शनरी तर पहिल्या अक्षरानं लावलेली. पोटात काय आहे ते ती थोडीच सांगते. एक दिवस तुम्ही ओट्यावरूनच म्हणालात, "झेड ना? लिख माय. ओ, आर, जी, ए, एन, झेड, ए." ऑरगॅन्झा. ती धावत तुमच्याकडं गेली. "आजोबा, याचा अर्थ काय?" तुम्ही हसलात. किती दिवसांनी हसलात. "अर्थ माले म्हाईत नही. पन घर म्हाईत शे."

मग रोज संध्याकाळी तेच. तुम्ही अक्षरं सांगायचात, ती वहीत लिहायची, डिक्शनरीत अर्थ शोधायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची. तुम्ही जन्मभर जुळवलेले शब्द काय म्हणत होते, ते तुम्हाला त्या पोरीनं सांगितलं. "बँक्वेट म्हणजे मोठ्ठं जेवण, आजोबा!" "हाऽऽ," तुम्ही म्हणायचात, "म्हनीसन लगीनमा येस ते." तुमची सून आतून म्हणायची, "मामंजी आता शाळेत नाव घालतील." "फी कोन भरई? तू?" तुम्ही. घरात तेव्हा हसू होतं आबा. मला ते ऐकू यायचं आणि मी वह्या तपासत बसायचो.

शाळेनं स्पर्धा ठेवली. आजी-आजोबा आणि नातवंडांची जोडी. चिठ्ठीत दोन अक्षरं निघतील, ती असलेले शब्द मोठ्यांनी फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी अर्थ सांगायचे, पाच मिनिटं. पोर उड्या मारत घरी आली. अशी स्पर्धा जणू तुम्हा दोघांसाठीच कुणी शोधून काढली होती. आणि मला शाळेनं परीक्षक म्हणून बोलावलं. मराठी शाळेतल्या मास्तरला इंग्रजी शाळेचं बोलावणं. मी आदल्या दिवशी शर्ट इस्त्रीला दिला. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. पोरीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रकान्यात मी तुम्हाला मॅट्रिक करून टाकलं होतं, आणि पुढं लिहिलं होतं, प्रेसचे मॅनेजर. तेव्हा वाटलं, कोण बघतंय.

शनिवारची सकाळ. दुकानांवरच्या दोन मजल्यांत भरणारी ती शाळा, वरचा हॉल, सतरंज्या, पुढच्या खुर्चीत प्रिन्सिपल मॅडम. एक आजोबा बँकेतले, एक आजी शिक्षिका. कुणाचे पाच शब्द झाले, कुणाचे सहा. मग तुमची चिठ्ठी. क्यू आणि टी. हॉलमधून अरेरे असा आवाज आला, एवढी अवघड कुणालाच आली नव्हती. पोरीनं मात्र तुमचा हात दाबला. तुम्ही धुतलेलं धोतर, काळी टोपी, बोटांच्या पेरांत न जाणारी शाई. खडू उचललात. आणि सुरुवात केलीत.

घरी तुम्ही कधी लिहिलं नव्हतं ना, आबा. तोंडानं सांगायचात, ती लिहायची. सही तुम्ही मराठीत करायचात. इंग्रजी अक्षर हातानं काढायची वेळ तुमच्यावर जन्मात आली नव्हती. ते फक्त स्टिकमध्ये उभं राहिलेलं तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांपुढं, तुमच्या हातानं जे पाहिलं होतं ते काढलं. डोकं खाली, पाय वर. एकाखाली एक, ओळी सरळ, अक्षरं एकाच उंचीची, मधलं अंतर दोऱ्यानं मोजल्यासारखं. थांबला नाहीत, खोडलं नाहीत. नऊ ओळी. मी परीक्षकाच्या टेबलाशी बसून पहिली वाचली, दुसरी वाचली, सगळ्या वाचल्या. एकही चूक नव्हती.

आधी एक पोरगं ओरडलं, "दादाजी ने उल्टा लिखा!" मग सगळा हॉल. मुलं माना वाकड्या करून बघायला लागली, कुणी सतरंजीवर डोकं टेकवून पाय वर केले. मॅडम हसल्या नाहीत, त्या माझ्याकडं वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "ये आपके फादर हैं ना, सर? फॉर्म में तो..." आणि तुम्ही फळ्यापासून वळलात. हसणाऱ्यांकडं तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. हातात भाकरी धरून बघायचात तसं. वाच भाऊ, मी आयकस.

कुणी खाली नुसता आरसा धरला असता तरी चाललं असतं. आरशाचीही गरज नव्हती, मी होतो. मी उठलो, मॅडमना म्हणालो, "ते जरा घाबरलेत. चुकीचं झालंय, पुसतो," आणि डस्टर घेतला. वरून खाली. क्विल्ट सगळ्यात शेवटी पुसलं. पोर ओरडत होती, "पप्पा, पुसू नका! मला अर्थ येतात! आजोबा, तोंडानं सांगा ना, मी लिहिते!" तुम्ही तोंडानं सांगितलं नाहीत. फळ्याखालच्या खोक्यात पांढरे खडू एका बाजूला होते, रंगीत एका बाजूला. तुम्ही तुमचा खडू पांढऱ्यांत ठेवलात, आणि खाली उतरलात.

रस्त्यानं पोर पुढं पुढं चालत राहिली. मी म्हटलं, आबा, तिथं काही बोलायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे भाऊ. फया तुना, तू पुसा." फळा माझा, मी पुसला, एवढंच; त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आज मला बरं वाटलं असतं. घरी जेवायला बसलो तेव्हा पोरीनं सुजलेल्या डोळ्यांनी विचारलं, "पप्पा, आजोबांनी काय लिहिलं होतं?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक. तसलं कुणाला वाचता येतंय?" तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तुमचा घास थांबला नाही. तुम्ही भाजी वाढून घेतलीत आणि पोरीच्या ताटातही थोडी वाढलीत.

त्यानंतर ती वही घेऊन यायची आणि तुम्ही म्हणायचात, "याद नही आते, माय." दोन-चार वेळा आली, मग येईनाशी झाली. पुढच्या उन्हाळ्यात दमा वाढला आणि तुम्ही खाटेवर पडलात. शेवटच्या आठवड्यात बोलणं गेलं होतं. पण डाव्या हाताचा अंगठा हलत होता, काहीतरी दाबून बसवल्यासारखा, आणि थांबून पुन्हा. सिव्हिलमधल्या नर्सनं विचारलं, "जप करतात का?" तुमची सून हो म्हणाली. तुम्ही काय जुळवताय ते बघायला मी खाली वाकलो होतो. तेवढं मात्र मला वाचता आलं नाही.

पोरीनं मला त्या दिवसासाठी माफ केलं, असं मी धरून चाललो होतो. तिच्या समजुतीनं मी घाबरून पुसलं. न वाचता येणारं काहीतरी पुसलं. तेवढ्याला माफी असते. शाळेत मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो की कवितेतली ओळ पुसताना सुद्धा आधी एकदा मोठ्यानं वाचावी. मुलं हसायची, म्हणायची, सर जरा तसलेच आहेत. आणि तुम्ही ज्या घरासाठी माझं मनगट धरलं होतंत, त्याच घरात मी 'कुणाला वाचता येतंय' हा चुकीचा खिळा टाकून ठेवला, आणि तीस वर्षं पोर त्याच घरात हात घालत राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या गुलाबी कार्डाशेजारी, वहीतच राहील. एकच सांगायचं राहिलं, आणि तेही फार छोटं आहे. परवा फोनची लाइन खराब नव्हती, आबा. अगदी स्वच्छ होती. ती उत्तराची वाट बघत होती तेव्हा तिचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

दार वाजतंय. या वेळी माझ्याकडं कुणी येत नाही, दूध सकाळीच येऊन गेलंय. पुन्हा वाजलं. जिन्यात बॅग टेकवल्याचा आवाज झाला, आणि आता बाहेर कुणीतरी बोलण्याआधी श्वास घेतला.

"पप्पा, मी आहे. आता तरी ऐकू येतंय ना?"